चित्र अडखळते, आवाज चालू राहतो : मंदावलेल्या लॅपटॉपचे निदान



गेले काही आठवडे आपण न्यायदर्शनातले अनुमान पाहतो आहोत. धूर, पर्वत आणि अग्नी यांना आज सुट्टी देऊ. आज आम्ही लॅपटॉपवर बोलणार आहोत, आणि हे थट्टेने म्हणत नाही, बरं का. श्रोत्यांचे आम्हाला जे फोन येतात त्यांतल्या बऱ्याचशा फोनांत व्याप्ती-पक्षधर्मतेची शंका नसते. तक्रार अशी असते, "सर, तुमचं तोंड थिजतं आणि आवाज मात्र पुढे जातो. लॅपटॉप फार स्लो झालाय."

आपल्यातले बरेच जण सत्तरीच्या आगेमागे आहेत. गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालेला जाऊन तास-दीड तास बसणे आता अनेकांच्या गुडघ्यांना मानवत नाही. अशा माणसाचा लॅपटॉप अडला की त्याचा सभामंडपच बंद होतो. मुले परगावी असतात, ती फोनवर सांगतात, "बाबा, नेट वाढवून घ्या." दुकानदार सांगतो, "काका, हे आता फेका, नवीन घ्या." आणि आपण मनात म्हणतो, आपल्यालाच हे जमत नाही. या तिन्ही निष्कर्षांना पुरावा काय, हे कोणी विचारत नाही. ते आज विचारू या.

पहिली गोष्ट, 'स्लो' हा शब्द 'ताप' या शब्दासारखा आहे. ताप मलेरियाचाही असतो आणि टायफॉइडचाही. वैद्य तापाचे रूप बघतो : चढतो केव्हा, उतरतो केव्हा, थंडी वाजते का. इथेही रूप बघायचे. व्हिडिओ अडला की पडद्यावर नेमके काय दिसते?

चित्र आणि आवाज दोन्ही एकदम थांबले आणि मध्ये गोल चक्र फिरू लागले, तर पुढचा भाग अजून घरापर्यंत पोहोचलेलाच नाही. ही इंटरनेटची किंवा वाय-फायची बाब. आवाज व्यवस्थित चालू आहे, पण चित्र झटके देत पुढे सरकते, तर माल घरी आलेला आहे, तो उलगडताना यंत्राची दमछाक होते आहे. तिसरा प्रकार असा की व्हिडिओच काय, माऊसचा बाणही चिकटतो, खिडकी बंद करायला गेले तर अर्धा मिनिट लागते. इथे मेमरी किंवा डिस्क भरडली जाते आहे. आणि चौथा : पहिली दहा-पंधरा मिनिटे सगळे झकास, मग हळूहळू बिघडत जाते, पंखा घोंघावतो. ही उष्णता.

दुसऱ्या प्रकाराकडे आम्ही जास्त वेळ देणार आहोत, कारण तोच सर्वांत जास्त चुकीचा ओळखला जातो. आणि तो समजून घ्यायला नाशिककरांइतकी सोय कोणाला नाही.

दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. १९१३ साली त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत दाखवला, त्याची लांबी सुमारे ३७०० फूट. ३५ मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात १६ चित्रे बसतात. म्हणजे जवळजवळ ५९ हजार स्वतंत्र छायाचित्रे, एकामागून एक. मूकपटाच्या काळात यंत्राची मूठ हाताने फिरवायची पद्धत होती. फिरवणाऱ्याचा हात दमला तर काय होईल? राजा हरिश्चंद्र जरा सावकाश चालेल, एवढेच. एकही चित्र गाळले जाणार नाही, कारण सोबत आवाज नाही आणि वेळेत कुठे पोहोचायचेही नाही.

लॅपटॉपवर तसे चालत नाही. इथे आवाज आणि चित्र दोन वेगळ्या प्रवाहांनी येतात आणि प्लेअर साधारणपणे आवाजाला घड्याळ मानतो. कानाला तुटलेला शब्द लगेच खटकतो, डोळ्याला एखादे गळलेले चित्र चालून जाते. म्हणून यंत्राला चित्र वेळेत तयार करता आले नाही की प्लेअर ते चक्क टाकून देतो आणि पुढच्याकडे वळतो. अशी बरीच चित्रे गळली की वक्ता बुजगावण्यासारखा स्थिर दिसतो आणि आवाज मात्र पुढे गेलेला असतो.

पण चित्र 'तयार करायचे' म्हणजे काय? ते आयते येत नाही का? नाही येत, आणि येऊ शकणारही नाही. हिशेब करा. फुल एचडी चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, म्हणजे २० लाख ७३ हजार ६००. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला ३ बाइट. सेकंदाला २५ चित्रे. गुणाकार साडेपंधरा कोटी बाइटांवर जातो, दर सेकंदाला! घरातल्या कनेक्शनवरून प्रत्यक्षात येतात त्यातले साधारण पाच-सहा लाख. बाकीचे आलेलेच नसतात. येतात त्या सूचना : 'मागच्या चित्रातली भिंत तशीच ठेव, वक्त्याचा हात दोन ठिपके उजवीकडे सरकव.' आपल्याकडे सूत्रग्रंथ असतात ना, तसे. सूत्र चार शब्दांचे, भाष्य चार पानांचे. लॅपटॉपला दर सेकंदाला २५ वेळा हे भाष्य लिहावे लागते.

सूत्रे लिहिण्याच्या या पद्धतींना कोडेक म्हणतात. एच.२६४ ही २००३ची, व्हीपी९ ही २०१३ची, एव्ही१ ही २०१८ची. जितकी पद्धत नवी तितके सूत्र आखूड, आणि भाष्यकाराला कष्ट जास्त. कंपनीचा फायदा असा की तेवढ्याच दर्जाच्या चित्रासाठी कमी डेटा पाठवावा लागतो. उलगडण्याचा भार मात्र आपल्या टेबलावर येतो. नव्या यंत्रांत या कामासाठी चिपवर वेगळा कारागीर बसवलेला असतो. इंटेलच्या बाबतीत व्हीपी९चा पुरता कारागीर सातव्या पिढीपासून, म्हणजे २०१६-१७पासून आला. एव्ही१चा अकराव्या पिढीपासून, २०२०मध्ये. त्याआधीच्या लॅपटॉपवर ते काम मुख्य प्रोसेसरच्याच गळ्यात पडते.

आता एक उदाहरण. गंगापूर रोडवरच्या एक निवृत्त शिक्षिका आमच्या नियमित श्रोत्या आहेत. लॅपटॉप २०१४चा, चौथ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी मेमरी. आवाज चांगला, चित्र झटके खाणारे. नातवाच्या सांगण्यावरून बाईंनी ब्रॉडबँडचा प्लॅन वाढवला. त्याच संध्याकाळी व्याख्यान नीट दिसले. सगळे खूश. दोन दिवसांनी पुन्हा तेच.

न्यायशास्त्रात याला दोन सुंदर नावे आहेत. एक काकतालीय : कावळा बसायला आणि ताडाचे फळ पडायला एकच गाठ पडली. दुसरे अन्यथासिद्ध, आणि त्याचे ठरलेले उदाहरण म्हणजे कुंभाराचे गाढव. घट घडण्याआधी गाढव हजर होते, मातीही त्यानेच वाहून आणली. तरी घटाचे कारण गाढव नव्हे, कारण माती बैलगाडीतून आणली असती तरी घट झालाच असता. बाईंच्या घरी महागडा प्लॅन हे ते गाढव होते. त्या संध्याकाळी नातवाने प्लॅनबरोबर आणखी एक गोष्ट केली होती, लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला होता. पंधरा-वीस उघडे टॅब त्यामुळे गेले. दोन बदल एकदम केले की श्रेय कोणाला द्यायचे हे ठरवताच येत नाही.

म्हणून अन्वय-व्यतिरेक. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३च्या आपल्या तर्कग्रंथात ज्या रीती सांगितल्या त्यांतल्या दोन याच्याशी पुष्कळ जुळतात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सारे तसेच ठेवायचे. तोच व्हिडिओ त्याच वाय-फायवर मोबाइलवर लावा. तिथे नीट चालला तर नेटवरचा संशय बराचसा फिटतो. त्याहून चांगली कसोटी म्हणजे एखादी व्हिडिओ फाइल आधी डिस्कवर उतरवून घ्या, नेट पूर्ण बंद करा आणि ती व्हीएलसीमध्ये लावा. तरी अडखळली, तर नेटचा संबंधच उरला नाही.

इथे एक सावधगिरी. बहुतेक जण पहिल्यांदा क्वालिटी १०८०वरून ४८०वर आणतात. आराम पडतो, जरूर करावे. पण ती कसोटी नव्हे. क्वालिटी उतरवली की नेटवरचा भारही कमी होतो आणि प्रोसेसरवरचाही. त्यामुळे दोष कोणाचा होता ते कळत नाही. पॅरासिटामॉलने ताप उतरला म्हणून मलेरिया नव्हता असे आपण म्हणत नाही.

प्रत्यक्ष प्रमाणही उपलब्ध आहे. यूट्यूबवर चालू व्हिडिओवर माऊसचे उजवे बटण दाबा, 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' निवडा. त्या बारीक अक्षरांत 'ड्रॉप्ड' या शब्दाजवळ किती चित्रे टाकून दिली तो आकडा असतो, आणि 'कोडेक्स'च्या ओळीत पद्धत लिहिलेली असते. दुसरे साधन टास्क मॅनेजर : कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, 'परफॉर्मन्स'मध्ये जा. व्हिडिओ चालू असताना सीपीयू नव्वदच्या वर आणि जीपीयूच्या पानावर 'व्हिडिओ डिकोड'ची रेघ तळाला झोपलेली, असे दिसले तर कारागीर बसून आहे आणि मालक राबतो आहे.

बाईंच्या यंत्रात हेच दिसले. व्हीपी९ येत होते, आणि त्यांच्या चिपमधल्या कारागिराला वरच्या तीन पद्धतींतली फक्त एच.२६४ पुरती येत होती. ब्राउझरला एच.२६४च मागायला लावणारे 'एच२६४इफाय' नावाचे छोटे एक्स्टेन्शन मिळते. ते टाकले, आणि ब्राउझरच्या सेटिंगमध्ये 'हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन' बंद होते ते चालू केले. अर्थात एक केले, पाहिले, मग दुसरे केले. ७२०वर व्याख्यान सुरळीत दिसू लागले. खर्च शून्य. प्लॅन त्यांनी पुन्हा जुनाच घेतला.

तिसऱ्या प्रकाराचे, म्हणजे माऊससुद्धा चिकटतो त्याचे, थोडक्यात सांगतो. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली दिसेल. सार्वजनिक वाचनालयात बसून काम करताना टेबलावर मावतील तेवढीच पुस्तके पसरता येतात. टेबल भरले की एक ठेवायला दुसरे कपाटात परत करायचे. मेमरी हे टेबल, डिस्क हे कपाट. ४ जीबीचे टेबल आजच्या ब्राउझरला पुरत नाही, मग सारखी ये-जा. जुन्या लॅपटॉपमधली हार्ड डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेणारी तबकडी असते. एकेक वस्तू शोधायला तिला दहा-पंधरा मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला शंभरही खेपा होत नाहीत. एसएसडीत फिरणारे काहीच नसते, तिच्या खेपा हजारोंनी होतात. म्हणून जुन्या यंत्रावर एकच खर्च करायचा असेल तर आमचे मत स्पष्ट आहे : आधी एसएसडी, मग जमल्यास मेमरी ८ जीबी. मात्र नीट लक्षात घ्या, एसएसडीने कोडेकचा दोष जात नाही. रोग दुसरा, औषध दुसरे. निदानाआधी पैसे खर्चू नका म्हणतो ते यासाठीच.

उष्णतेचे काय? एप्रिल-मे, गादीवर ठेवलेला लॅपटॉप, खालची हवेची भोके बंद, त्यात सिंहस्थाच्या कामांची शहरभर उडणारी धूळ. चिप तापली की स्वतःचा वेग स्वतःच कमी करते. लॅपटॉप लाकडी पाटावर ठेवा, पंखा जाणकाराकडून साफ करून घ्या.

आता जे सांगतो ते या सगळ्याहून महत्त्वाचे आहे. लॅपटॉप अडला की माणूस अस्वस्थ होतो आणि गूगलवर 'कस्टमर केअर' शोधतो. किंवा पडद्यावर लाल चौकट येते : तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा. फोनवरचा माणूस अतिशय अदबीने बोलतो, 'सर' म्हणतो, एक अ‍ॅप उतरवायला सांगतो आणि लॅपटॉप दुरून स्वतःच्या ताब्यात घेतो. मग त्याच लॅपटॉपवरचे बँकेचे खाते उघडायला लावतो. व्हायरसची सूचना देऊन फोन करायला सांगणारी चौकट खरी नसते, हे धरूनच चला. ती बंद होत नसेल तर पॉवरचे बटण दाबून धरा. आणि पैसे गेलेच, तर लाजून घरी बसू नका, लगेच १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर कळवा. जितके लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त. स्पीड वाढवून देतो म्हणणारी 'क्लीनर' सॉफ्टवेअरेही घेऊ नयेत. ती स्वतःच टेबलावर जागा अडवतात.

दुकानदाराचा सल्ला कधी बरोबर असतो, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. विंडोज १०ची नियमित सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ला इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते. त्यामुळे जुन्या यंत्रावर व्याख्याने ऐकायला हरकत नाही, बँकेचे व्यवहार मात्र तिथे करू नयेत. घरात कोणी जाणते असेल तर लिनक्स मिंट टाकून पाहावे. आमच्या ओळखीत दोघांनी टाकले आणि दोघेही समाधानी आहेत.

एसएसडी बसवून घ्यायला दुकानात जाल तेव्हा आधी फोटो आणि कागदपत्रांची प्रत वेगळ्या डिस्कवर काढा. पासवर्ड कागदावर लिहून लॅपटॉपला चिकटवून देऊ नका. आणि काढलेली जुनी हार्ड डिस्क मागून घ्या, तिथे सोडून येऊ नका. तिच्यात पेन्शनचे कागद असतात, पॅन कार्डाची प्रत असते, पासबुकाचे फोटो असतात.

बरं, प्रश्न असतील तर आता घेऊ. ज्यांना आमचे चित्र थिजलेले दिसते आहे त्यांनी आधी विचारावेत.