सह्याद्रीतील वृक्षवासी अळू : रुखाळूची ओळख व तीतील अडचणी

सुरण कुल अर्थात अ‍ॅरेसी हे प्रामुख्याने उष्ण कटिबंधातील कुल होय. सुरण, अळू व शेवळा यांच्यामुळे ते आपल्याकडे कंदधारी, भूमिनिष्ठ वनस्पतींचे कुल म्हणून परिचित आहे. प्रत्यक्षात या कुलाचा फार मोठा भाग वृक्षांच्या आधाराने जगतो. अमेरिकेच्या उष्ण पर्वतीय अरण्यांत अँथुरियम व फिलोडेंड्रॉन या दोन प्रजातींच्याच शेकडो जाती आढळतात. सह्याद्रीत असे वैविध्य नाही. येथील वृक्षाश्रयी जाती मोजक्याच आहेत. तरीही त्यांची ओळख वरवर वाटते तितकी सोपी नाही.

प्रथम एक भेद लक्षात घ्यावयास हवा. झाडावर दिसणारी प्रत्येक वनस्पती अपिवनस्पती नव्हे. अंजनवेल (पोथॉस स्कँडेन्स) व गणेशकंद (ऱ्हाफिडोफोरा पर्टुसा) या मुळांच्या साहाय्याने खोडाला चिकटून चढणाऱ्या वेली आहेत. अंजनवेलीचा देठ पानासारखा रुंदावलेला असल्याने एकाच पानाचे दोन भाग जोडल्यासारखे दिसतात. गणेशकंदाच्या प्रौढ पानांना छिद्रे व खोल खंड असतात, परंतु कोवळ्या वेलीची पाने अखंड असतात आणि अभ्यासक नेमका तेथेच फसतो. थंड हवेच्या ठिकाणी बागांतून निसटलेला, मूळचा पॅसिफिक महासागरातील बेटावरचा मनी प्लँट या गोंधळात भर घालतो.

खऱ्या अर्थाने वृक्षवासी असा आपल्याकडील अळू म्हणजे रुखाळू (रेमुसेशिया व्हिव्हिपॅरा). ही प्रजाती शॉट यांनी १८३२ मध्ये स्थापन केली. तिचे नाव फ्रेंच चिनीविद्यापंडित आबेल-रेम्युझा यांच्यावरून आले आहे. लोकभाषांनी मात्र वनस्पतीचा अधिवासच नावात पकडला : मराठीत रूख आणि अळू, कन्नडमध्ये मर (झाड) आणि केसु (अळू), तर मलयाळममध्ये मर आणि चेंबु. आंबोली, महाबळेश्वर यांसारख्या पावसाळी प्रदेशांत शेवाळाने आच्छादलेल्या खोडांवर व फांद्यांच्या बेचक्यांत, जेथे कुजलेला पाला साचतो, तेथे तो रुजतो. उन्हाळ्यात केवळ कंद उरतो. पाऊस स्थिरावला की छत्राकृती, म्हणजे देठ पात्याच्या कडेला न जुळता आतील बाजूस जुळलेली, हृदयाकार पाने येतात.

अडचण येथूनच सुरू होते. सामान्य अळूची पानेही छत्राकृतीच असतात. अधिवासावरून निर्णय घ्यावा, तर रुखाळू पाला साचलेल्या खडकांवरही वाढतो. फुलोऱ्याची वाट पाहावी, तर तो क्वचितच येतो, आणि येतो तेव्हाही बहुधा पाने फुटण्यापूर्वी. पिवळा, मागे वळलेला महाछद पाहिलेला अभ्यासक भाग्यवानच म्हणावा लागेल. फळे त्याहून दुर्मिळ. या जातीत २८ गुणसूत्रांच्या द्विगुणित वनस्पतींप्रमाणेच ४२ गुणसूत्रांच्या त्रिगुणित वनस्पतीही नोंदल्या गेल्या आहेत. त्रिगुणितांत अर्धसूत्री विभाजन सुरळीत होत नसल्याने बीजनिर्मिती खुंटते.

निर्णायक पुरावा मिळतो तो कंदिकांचा. रुखाळूच्या कंदापासून उभे प्रांकुर निघतात व त्यांवर लहान कंदिकांचे झुबके असतात. ‘व्हिव्हिपॅरा’ अर्थात जरायुज हे जातिनाम त्यावरूनच पडले. प्रत्येक कंदिकेवरील खवल्यांची टोके आकड्यासारखी वळलेली असतात. पक्ष्यांच्या पिसांत वा प्राण्यांच्या केसांत ती अडकतात आणि कंदिका दुसऱ्या झाडावर पोहोचते. बीजावाचून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाण्याची ही युक्ती इतकी यशस्वी ठरली आहे, की ही जाती आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागापर्यंत पसरलेली आहे. सामान्य अळूला असे कंदिकाधारी उभे प्रांकुर नसतात. त्याचे धावते प्रांकुर जमिनीलगत आडवे पसरतात.

कोवळ्या रुखाळूशी गल्लत होऊ शकते ती एरिऑप्सिस पेल्टाटा या लहानखुऱ्या जातीची. तिचे वर्णन निमो यांनी केले व ते ग्रॅहॅम यांच्या मुंबई परिसरातील वनस्पतींच्या १८३९ मधील सूचीत प्रसिद्ध झाले. ओल्या खडकांवर, दरडींवर व खोडांवर वाढणाऱ्या या जातीची पानेही छत्राकृतीच, पण आकाराने बरीच लहान असतात. जांभळट, होडीच्या आकाराचा महाछद आणि स्थूलकणिशाच्या वरच्या भागातील एकसंध, खळगेदार पुंपुष्पांचा पुंजका ही तिची खूण होय. कंदिकाधारी प्रांकुर तिलाही नसतात.

म्हणून संग्रहासाठी केवळ पान दाबून ठेवलेला नमुना अपुरा ठरतो. कंद, प्रांकुर व काही कंदिका सोबत घ्याव्यात, खवल्यांचे आकडे भिंगाखाली पाहावेत, तसेच आश्रयवृक्ष व जमिनीपासूनची उंची यांची नोंद करावी. मात्र बेचक्यातील सर्व कंद खरवडून काढणे अनुचित आहे, कारण एका झाडावरचा सारा समूह पुष्कळदा एकाच कंदाची संतती असू शकतो.

ही ओळख केवळ संग्रहापुरती नाही. मलनाड व कोडगू भागात रुखाळूची पाने पावसाळ्यात आवडीने खाल्ली जातात. पत्रोडे हा पदार्थ त्यासाठी प्रसिद्ध आहे. या कुलातील इतर अनेक वनस्पतींप्रमाणे त्यातही कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. घशाला खाज सुटू नये म्हणून पाने चिंचेसारख्या आंबट पदार्थासह नीट शिजवावी लागतात. गणेशकंद वा मनी प्लँटचे अखंड कोवळे पान अशा भाजीत जाऊ नये, यासाठी पानापेक्षा कंदिकाच पाहावी.