फुकटचा पिक्चर केवढ्याला पडतो?

तुमच्या फॅमिली ग्रुपवर शेवटची ‘फुल मूव्ही’ची लिंक कधी आली होती? जरा आठवून बघा. गेल्या आठवड्यात? काल रात्री? आणि ती पाठवणारं कोण होतं? बहुतेक घरातलंच कुणीतरी. मामा, काकू, चुलतभाऊ. खाली दोन अंगठे आणि ‘थँक्स’ सुद्धा आलं असेल.

आमच्या घरी अशी लिंक पाठवणारी मी होते. आज हा लेख लिहितेय त्याचं कारण तेच आहे.

माझे बाबा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. पिक्चरचं वेड जुनं. पण आमच्या तालुक्याच्या गावातलं थिएटर बंद पडून तिथे मंगल कार्यालय झालं. आता पिक्चर बघायचा तर नाशिक गाठायचं, तासाभराचा रस्ता. मग मी बाबांना टेलिग्राम टाकून दिलं आणि म्हणाले, “बाबा, इथे नाव टाकायचं, पिक्चर येतो. काही पैसे पडत नाहीत.” त्यांनी एकदाच विचारलं, “हे चालतं ना गं?” मी हसून म्हणाले, “सगळेच बघतात बाबा.”

वर्षभरानंतर, मी पुण्यात ऑफिसला असताना, दुपारी त्यांचा फोन आला. आवाज अगदी बारीक. “खात्यातून काहीतरी पैसे गेलेत. तू कामात असशील तर नंतर बोलू.”

४६ हजार रुपये गेले होते.

नेमकं झालं काय?

बाबांना त्यांच्या जुन्या सहकाऱ्याच्या नंबरवरून व्हॉट्सअ‍ॅपवर एक फाइल आली होती. नुकत्याच लागलेल्या मराठी पिक्चरचं नाव आणि शेवटी ‘डॉट एपीके’. त्या काकांनी ती पाठवलीच नव्हती. त्यांचा फोन आधीच अडकला होता आणि त्यांच्या नकळत फाइल सगळ्या नंबरांना जात होती.

एपीके म्हणजे पिक्चर नाही, फोटो नाही, पत्रिकाही नाही. एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनवर अ‍ॅप बसवायची फाइल. प्ले स्टोअरवरून अ‍ॅप घेतो तेव्हा निदान थोडी तपासणी झालेली असते. अशी थेट आलेली फाइल म्हणजे अनोळखी माणसाला घराची किल्ली देण्यासारखं.

फोनने बाबांना विचारलं होतं की अज्ञात ठिकाणचं अ‍ॅप घालू का? बाबांनी ‘हो’ म्हटलं. अ‍ॅपने मेसेज वाचायची परवानगी मागितली, तीही दिली. मग ‘वय तपासण्यासाठी’ कार्डने १ रुपया भरा असं पान उघडलं. एकच तर रुपया! बाबांनी कार्डचा नंबर, तारीख, मागचे तीन आकडे सगळं भरलं. आता समोरच्याकडे कार्ड होतं आणि येणारा ओटीपी ते अ‍ॅपच वाचून पुढे पाठवत होतं. बाबांनी ओटीपी कुणालाही सांगितला नाही, हे ते आजही शपथेवर सांगतात. खरंच आहे ते. त्यांना सांगावाच लागला नाही.

नंतर मी ती फाइल नीट बघितली. आकार होता ६ एमबी. बरा दिसणारा पूर्ण पिक्चर पाच-सातशे एमबीच्या खाली सहसा नसतो. एवढं एक बघितलं असतं तरी कळलं असतं. पण हे मी बाबांना कधी शिकवलंच नव्हतं. फुकट कुठे मिळतं एवढंच शिकवलं होतं.

हीच युक्ती लग्नपत्रिकेच्या, वीजबिलाच्या, वाहनाच्या चलनाच्या नावानेही चालते. नाव बदलतं, शेवटचं ‘एपीके’ तेच राहतं.

पहिला तास

आमचं नशीब एवढंच की बाबांनी लाजून गोष्ट लपवली नाही. मी त्यांना फोनवरूनच एकेक सांगत गेले. तुम्हीही हे लक्षात ठेवा, जमल्यास घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवा.

१. आधी त्या फोनचं इंटरनेट बंद करा. डेटा आणि वायफाय दोन्ही. सरळ एअरप्लेन मोड लावला तरी चालेल.

२. दुसऱ्या फोनवरून बँकेला फोन करून कार्ड, नेट बँकिंग आणि यूपीआय बंद करायला सांगा. बँकेचा नंबर पासबुकावरून किंवा कार्डच्या मागून घ्या. गूगलवर शोधू नका, तिथे खोटे नंबरही असतात.

३. लगेच १९३० ला फोन लावा. ही सायबर फसवणुकीसाठीची सरकारी हेल्पलाइन आहे आणि देशभर चालते. तुम्ही सांगलीत असा, इंदूरला असा की बेळगावात, नंबर हाच.

४. आलेला मेसेज, पैसे गेल्याचे एसएमएस, व्यवहाराचे नंबर यांचे दुसऱ्या फोनवरून फोटो काढून ठेवा. तक्रारीत लागतात. मग ते अ‍ॅप काढा आणि शक्यतो फोन रीसेट करून घ्या.

५. तुमच्या नंबरवरून काही फाइल आली तर उघडू नका, असं सगळ्या ग्रुपवर कळवा. लाज वाटते, पण कळवा. त्या काकांनी कळवलं असतं तर आमचे पैसे वाचले असते.

घाई यासाठी की चोरलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या खात्यात पळवले जातात. ते वाटेत असतानाच अडवले तर हाती लागतात. आमचे १८ हजार असे अडले आणि चार महिन्यांच्या फेऱ्यांनंतर परत आले. २८ हजार गेले ते गेलेच. आम्ही चौघं नाशिकला जाऊन, तिकिटं काढून, मध्यंतरात सामोसे खाऊन आलो असतो तरी १२०० रुपयांच्या वर खर्च झाला नसता.

पण चोरी एकच होती का?

बाबांची चोरी झाली म्हणून आम्ही पोलिसांत गेलो. पण वर्षभर आम्ही जे बघत होतो ते काय होतं? हा प्रश्न मला कधीच पडला नसता, जर त्याच महिन्यात दुसरी एक गोष्ट झाली नसती.

मी अधूनमधून कविता लिहिते. आजीच्या गोधडीवर लिहिलेली एक कविता मी माझ्या नावासकट फेसबुकवर टाकली होती. आठेक महिन्यांनी आमच्या फॅमिली ग्रुपवर तीच कविता आली. मागे गुलाबाचं चित्र. खाली नाव, पु. ल. देशपांडे! पाठवणारी माझी सख्खी आत्या, वडोदऱ्याची.

मी लगेच फोन केला. “आत्या, ती कविता माझी आहे.”

आत्या म्हणाली, “अगं, खाली पु.लं.चं नाव आहे. तू कशी लिहिशील एवढं छान?”

आता यात हसावं की रडावं? पु.लं.च्या नावावर खपली म्हणून दोन मिनिटं आनंदही झाला, खोटं कशाला बोलू. पण रात्री झोप लागली नाही. ती गोधडी माझ्या आजीची होती. त्यातले तुकडे कुठल्या लुगड्याचे, हे मला माहीत होतं. पैसे तर मला कुणी देणारच नव्हतं. फक्त नाव होतं, तेही गेलं.

तेव्हा पहिल्यांदा वाटलं, मी फुकट बघितलेल्या पिक्चरच्या लेखकालाही असंच वाटत असेल.

घरोघरी ऐकू येणारी मतं

मग मी कॉपीराइटबद्दल वाचायला लागले. आपण सगळे किती गोष्टी ठामपणे बोलतो आणि त्यातल्या किती चुकीच्या असतात ते बघा.

*“नेटवर आहे म्हणजे सगळ्यांचं आहे.”* नाही. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्यानुसार तुम्ही काही लिहिलंत, काढलंत, चाल बांधलीत की त्याच क्षणी हक्क तुमचा होतो. नोंदणी सक्तीची नाही, चिन्हही लागत नाही. तुमच्या मुलीने काढलेल्या चित्रावरही तिचा हक्क आहे.

*“खाली नाव दिलं की झालं.”* नाव देणं चांगलंच, पण नाव देणं म्हणजे परवानगी घेणं नव्हे. तरी नावाला कायद्यात वेगळी जागा आहे. लेखकाने हक्क विकले तरी ‘हे मी लिहिलंय’ असं सांगायचा त्याचा हक्क राहतो. मोडतोड करून त्याच्या नावाला धक्का पोहोचला तर तो दादही मागू शकतो.

*“लेखक वारले, आता पुस्तकाची पीडीएफ टाकायला काय हरकत?”* लेखकाच्या मृत्यूनंतरचं वर्ष सुरू झालं की तिथून ६० वर्षं हक्क त्याच्या वारसांकडे किंवा ज्यांना दिलेत त्यांच्याकडे राहतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांची पुस्तकं २०११ पासून सगळ्यांसाठी मोकळी आहेत. पु.ल. २००० मध्ये गेले, त्यांच्या पुस्तकांवरचा हक्क २०६० संपेपर्यंत आहे. म्हणजे ‘श्यामची आई’ची पीडीएफ आणि ‘बटाट्याची चाळ’ची पीडीएफ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

*“गणपतीची आरती लावली तरी व्हिडिओचा आवाज कसा बंद होतो?”* ही दर भाद्रपदातली तक्रार. समर्थ रामदासांचे शब्द सतराव्या शतकातले, ते सगळ्यांचेच. पण तुम्ही जी आरती लावलीत ती कुणीतरी गायली, वाजवली, रेकॉर्ड केली. त्या रेकॉर्डिंगचा हक्क कंपनीकडे असतो आणि यूट्यूबसारख्या ठिकाणी यंत्रच ते आवाज ओळखतं. उपाय सोपा आहे. टाळ घ्या आणि घरच्यांनी स्वतः म्हणा. सूर चुकले तरी आवाज बंद होणार नाही.

*“मग वरातीत गाणी लावायचीच नाहीत का?”* लावा! धार्मिक समारंभ, लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले कार्यक्रम यांना कायद्याने सूट दिलेली आहे. मात्र त्याच वरातीचा व्हिडिओ गाण्यासकट नेटवर टाकला की तो वेगळा विषय.

*“आपण नुसतं बघतो, आपल्याला कोण पकडतंय?”* २०२३ मध्ये सिनेमाच्या कायद्यात सुधारणा झाली. थिएटरमध्ये चोरून शूटिंग करणं आणि ती प्रत पसरवणं याला किमान ३ महिने ते ३ वर्षं कैद आणि किमान ३ लाख रुपये दंड आहे. हा कायदा प्रामुख्याने चोरून प्रत काढणाऱ्यांसाठी आणि पसरवणाऱ्यांसाठी आहे. पण ग्रुपवर लिंक ढकलताना आपण नुसते बघे राहत नाही, एवढं तरी मनाशी मान्य करायला हवं.

अडचण खरी आहे

आता तुम्ही म्हणाल, उपदेश सोपा आहे. मान्य. हैदराबादला किंवा भोपाळला राहणाऱ्या मराठी माणसाला नवा मराठी पिक्चर थिएटरमध्ये मिळाला तर एखादाच शो मिळतो, तोही गैरसोयीच्या वेळी. पुस्तकाच्या किमतीत कुरियरचे पैसे मिळवले की हात आखडतो. गावात थिएटरच नाही, मग बाबांनी काय करायचं? लोक चोर आहेत म्हणून चोरीची प्रत बघतात असं मला वाटत नाही. बऱ्याचदा सरळ वाट लांबची असते.

पण फुकट आणि सरळ अशाही वाटा आहेत, त्या आपल्याला कुणी फॉरवर्ड करत नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. मराठी विश्वकोश ऑनलाइन मोफत आहे. विकिस्रोतावर हक्क संपलेली जुनी मराठी पुस्तकं वाचता येतात. अनेक जुने मराठी पिक्चर हक्क असलेल्या कंपन्यांनी स्वतःच यूट्यूबवर ठेवलेत. आणि वाचनालय विसरू नका. आमच्या आत्याच्या वडोदऱ्यात सयाजीराव महाराजांच्या काळी, १९१० मध्ये सुरू झालेलं सेंट्रल लायब्ररी आहे आणि तिथे मराठी पुस्तकं आहेत. आत्या तीस वर्षं त्या शहरात राहते, तिला हे माझ्याकडून कळलं.

बाबांचा मेसेज

पैसे गेल्यावर बाबा दोन महिने ग्रुपवर काहीच लिहीत नव्हते. ‘शिकलेल्या मुलीचा बाप आणि फसला’ असं लोक म्हणतील, ही भीती. मी एकदा त्यांच्याजवळ बसले आणि म्हणाले, “बाबा, तुम्ही नाही चुकलात. तुम्ही विचारलं होतं, हे चालतं ना. मी हो म्हणाले होते.” ते काही बोलले नाहीत. चष्मा पुसत राहिले.

त्या रात्री ग्रुपवर त्यांचा मेसेज आला. पूर्ण मराठीत टाइप केलेला, म्हणजे निदान अर्धा तास लागला असणार. त्यात त्यांनी आपण कसे फसलो ते सगळं लिहिलं होतं, १९३० नंबरही दिला होता. आणि शेवटी एक ओळ होती, ‘ताईने पाठवलेली गोधडीची कविता पु.लं.ची नाही, माझ्या मुलीची आहे.’

आत्याने पंधरा मिनिटांनी कविता पुन्हा टाकली. या वेळी खाली माझं नाव होतं. गुलाब मात्र तसाच ठेवला होता.

तेव्हा आज एवढंच करा. घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये १९३० हा नंबर सेव्ह करून द्या. एपीके फाइल कशी ओळखायची ते दाखवा. आणि पुढची कविता फॉरवर्ड करण्याआधी ती खरंच त्या नावाच्या माणसाची आहे का, ते एकदा विचारा.

आम्ही या रविवारी नाशिकला पिक्चरला चाललोय. तिकिटं बाबांनीच काढलीत.