अब्बांच्या कपड्यांचा वास

माझे वडील रेल्वेत फिटर होते. पुण्याच्या घोरपडी डिझेल शेडमध्ये त्यांची उमेदीची सगळी वर्षे गेली. शुक्रवारी नमाजाला निघण्यापूर्वी ते रॉकेल आणि साबणाने हात घासत, तरी नखांतला काळेपणा जात नसे. मी तेव्हा बीएला होतो, कविता करू लागलो होतो. मित्र घरी यायचे असले की अब्बांचे कामाचे कपडे मी आतल्या खोलीत नेऊन ठेवत असे. त्या डिझेलच्या वासाची मला लाज वाटे. अब्बांच्या ते लक्षात आले होते. बोलले मात्र कधीच नाहीत.

काही वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये भाच्याकडे गेलो होतो. एका रविवारी तो म्हणाला, "मामू, चला, तुम्हाला जुन्या गाडीत बसवतो." तो मला किडरमिन्स्टरला घेऊन गेला. तिथून ब्रिजनॉर्थपर्यंत सव्हर्न व्हॅली रेल्वे ही सुमारे २६ किलोमीटरची हौशी लोकांनी जपलेली लाइन आहे. मला वाटले, वाफेचे इंजिन असणार. फलाटावर उभे होते मरून रंगाचे डिझेल इंजिन, नाव 'वेस्टर्न कुरिअर'. क्रू येथील कारखान्यात १९६३ साली बांधलेले.

डिझेल इंजिन म्हटले की आपल्याला वाटते, इंजिन फिरले म्हणजे चाके फिरली. इतके सोपे ते नसते. मोटारीसारखा गिअर आणि क्लच लावून शेकडो टनांची गाडी जागची हलवायला गेलो, तर क्लच जळून जाईल. म्हणून मधे काहीतरी लागते. आपल्याकडच्या डब्ल्यूडीएम-२ इंजिनात ते काम वीज करते. सोळा सिलिंडरांचे डिझेल इंजिन जनरेटर फिरवते, त्या विजेवर चाकांच्या आसांवरच्या सहा मोटारी चालतात. म्हणजे ते एक चालतेफिरते वीजघरच. अमेरिकेतल्या अल्को कंपनीकडून ही इंजिने १९६२ मध्ये आपल्याकडे आली. १९६४ पासून ती वाराणसीला बनू लागली आणि पुढे अडीच हजारांहून अधिक तयार झाली.

'वेस्टर्न' जातीच्या इंजिनांत वीज नाही, तेल आहे. दोन पंखे समोरासमोर ठेवा. एक चालू केला की त्याच्या वाऱ्याने दुसराही हळूहळू फिरू लागतो. वाऱ्याच्या जागी तेल घ्या आणि पंखे बंद पेटीत बसवा. एक पंखा इंजिनाला जोडलेला, दुसरा चाकांकडे जाणाऱ्या दांड्याला. धक्का न बसता ताकद पोचते. यात मेबाख बनावटीची दोन इंजिने, मिळून २,७०० अश्वशक्ती.

अशी ७४ इंजिने १९६१ ते १९६४ या काळात बांधली गेली. पण ब्रिटनच्या इतर भागांत विजेची पद्धत रूढ झाली. एका विभागासाठी वेगळे सुटे भाग आणि वेगळे शिकलेले कारागीर कोण सांभाळणार? फेब्रुवारी १९७७ मध्ये शेवटची 'वेस्टर्न' सेवेतून निघाली. बहुतेक भंगारात गेली. सात उरली, ती लोकांनी वर्गणी काढून विकत घेतली म्हणून.

गाडी सुटली. सव्हर्न नदीवरचा १८६१ सालचा बिडाचा पूल ओलांडताना इंजिनाचा आवाज खाली पाण्यावरून परत येत होता. खिडकीतून धूर आत आला आणि मी एकदम चाळीस वर्षे मागे गेलो. तोच वास.

परतल्यावर भाच्याने शेडमधल्या एका पांढऱ्या केसांच्या स्वयंसेवकाशी ओळख करून दिली. माझे वडील डिझेल फिटर होते हे ऐकून त्याचा चेहरा उजळला. त्याने विचारले, "त्या अल्कोमध्ये तुमच्या वडिलांना सर्वांत जास्त त्रास कशाचा व्हायचा?"

मला उत्तर देता आले नाही. अब्बांना जाऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती, आणि मी त्यांना हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता.

पुण्याला परतल्यावर अब्बांच्या एका जुन्या सोबत्याला शोधून काढले. चाचा दोन तास बोलत होते, मी वहीत उतरवून घेत होतो. "लोड घेताना धूर जास्त वेळ काळा राहिला की आम्ही टर्बो आणि इंजेक्टर बघायचो," ते म्हणाले. "तुझे अब्बा नुसत्या धुरावरून सांगायचे, कुठं हात घालायचा ते."

वाफेच्या इंजिनांचे आपल्याला कौतुक आहे. १८५५ सालच्या 'फेअरी क्वीन'चे फोटो आपण हौसेने बघतो. डिझेलला ते प्रेम मिळाले नाही. आता ब्रॉड गेजचे जवळपास सर्व मार्ग विजेवर आले आहेत, अनेक डिझेल शेडमध्ये विजेच्या इंजिनांची देखभाल होते. हे चांगलेच झाले. धूर कमी झाला, परदेशी तेल वाचले. संग्रहालयात काही जुनी इंजिने उभीही राहतील. पण उभे इंजिन लोखंडच असते. ते चालवायचे तर त्याचा आवाज ओळखणारा माणूस लागतो, आणि ती माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत.

तुमच्या गल्लीत असा एखादा निवृत्त फिटर किंवा ड्रायव्हर असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा. मी उशीर केला. ती वही माझ्याकडे आहे. कवितांच्या वह्यांच्या वर ठेवली आहे.