लाल शाईची वही

जत तालुक्यातल्या त्या वस्तीवर हरणीला घेऊन पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. हरणी माझी कारवान जातीची कुत्री. माजावर येऊन अकरावा दिवस. वस्तीवरच्या आजोबांचा नर बाभळीखाली साखळीला होता. खोल छाती, आत ओढलेलं पोट, नजर माळाच्या पार टोकाला. दोघांना एकत्र सोडायचं, उद्या पुन्हा यायचं, एवढाच माझा हिशोब. आजोबांनी साखळी सोडली नाही. नातीला हाक मारून वही मागवली.

दुकानदाराच्या खतावणीसारखी लांबुडकी, लाल कापडी बांधणीची वही.

"पाव्हणं, हिची आई कुणाकडली? मागल्या वेताला किती झाली? जगली किती?" मी सांगत होतो, नात लिहीत होती. एकच गोळी उतरलेला नर निघाला का, कुणाला बेंबीत हर्निया होता का, हेही विचारून झालं. मग जरा थांबून म्हणाले, "आकडी?"

हे कुणी विचारलं नव्हतं, म्हणून मीही कधी बोललो नव्हतो. हरणीच्या पहिल्या वेतातल्या एका पिल्लाला दोन वर्षांचं झाल्यावर फिट यायला लागली. तेव्हाच्या नराच्या सख्ख्या भावाला आकडी होती आणि मालकाला ते ठाऊक होतं, हे मला फार उशिरा कळलं. बोलला असता तर पिल्लांचा भाव पडला असता. त्याचा राग अजून गेलेला नाही, पण मी तरी कुठे कुणाला सांगितलं होतं?

कुत्र्यांमधली अशी आकडी बहुधा सहा महिने ते सहा वर्षं या वयात पहिल्यांदा दिसते. नर मात्र दीड-दोन वर्षांचा झाला की लावायला काढतात. दुखणं दिसेपर्यंत त्याची पिल्लं चार गावांत गेलेली असतात. लॅब्रेडॉरसारख्या जातींत हळूहळू आंधळेपण आणणारा एक जनुकदोष 2006 मध्ये सापडला. आता गालाच्या आतून नमुना घेतला की दोष वाहणारं कुत्रं ओळखता येतं आणि निर्दोष जोडीदार निवडता येतो. आमच्या कारवानांच्या आकडीसाठी तशी तपासणी हाताशी नाही. तिथे माणसानं माणसाला खरं सांगणं एवढंच उरतं.

कागदांवर ते सापडत नाही. केनेल क्लब ऑफ इंडिया 1896 ची संस्था; तिच्या दाखल्यावर वाडवडिलांची नावं असतात, त्यांची दुखणी नसतात. तिथे ज्याला कारवान हाऊंड म्हणतात त्यालाच इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ हाऊंड म्हणतो, त्यामुळे एकाच रक्ताची कुत्री दोन दप्तरांत विभागलेली. वस्त्यांवरच्या कित्येकांना तर कागदच नाही.

आमच्याकडे हेळवी येऊन घराण्याच्या पिढ्या वाचून दाखवतात. आजोबांची वही त्याच चालीची, फक्त तिच्यात दुखणी लाल शाईनं लिहिलेली. पिल्लू कुणाला दिलं, कधी मेलं, कशानं मेलं. समासात बारीक अक्षरात: "दोन वर्षांनी फोन केला, ठीक." असा फोन करणारा पैदासकार मी दुसरा पाहिलेला नाही. नातीनं एका पानावर रेघा ओढून नाती मांडली होती. बाप-लेकीची जोडी लावली की पिल्लात दोन्हीकडून एकच जनुक उतरण्याची शक्यता 25 टक्के, हे तिनं कॉलेजात शिकून आजोबांना समजावलेलं. रंग आणि बांधा धरून ठेवायला लोक सर्रास तसं करतात. या वस्तीवर ते बंद झालंय.

आजोबांनी आपल्याच नराचं पान उघडून माझ्यापुढे धरलं. त्याच्या बापाच्या बहिणीपुढे लाल शाईत लिहिलं होतं: आकडी, तिसऱ्या वर्षी.

"तुमच्याकडंबी हाय, माझ्याकडंबी हाय. न्हाई लावायचं."

नराच्या बदल्यात वेतातलं एक पिल्लू द्यायचं ठरलं होतं. त्यावर त्यांनी पाणी सोडलं, तेही मला स्वतःचं पान दाखवून.

मी हरणीचं नाव त्या वहीत लिहायला सांगितलं आणि पुढे लाल शाईनं तिच्या पिल्लाची आकडी. घरी येऊन त्या वेतातली बाकीची पिल्लं नेलेल्या चौघांना फोन केले. दोघांनी ती पिल्लं लावण्याचा बेत रद्द केला. एकाकडची मादी आधीच व्यायली होती.

ज्यांच्या दारात विकत आणलेलं कुत्रं आहे त्यांना विनंती आहे: त्याला काही दुखणं निघालं, तर जिथून आणलं त्या माणसाला आजच फोन करून सांगा. तो ऐकून घेणार नसेल, तर त्या वेतातली इतर पिल्लं ज्यांच्याकडे आहेत त्यांना सांगा.