गव्हातले सोंडे आणि घरातली गोळी

होळी झाली की वऱ्हाडात साठवणीच्या धान्याची लगबग सुरू होते. अमरावती असो की अकोला, गच्चीवर गहू पसरलेला असतो, अंगणात तूर वाळत असते, धुतलेल्या कोठ्या उन्हात पालथ्या घातलेल्या असतात. पुढे पाऊस लागतो, हवा दमट होते आणि एक दिवस झाकण उघडावे तर गव्हात सोंडे! अशा वेळी कुणीतरी हमखास सांगते, ‘‘एक गोळी टाकून द्या ना भाऊ, सारे मरून जातात.’’

हा सल्ला जिवावर बेतू शकतो. ही गोळी ॲल्युमिनियम फॉस्फाइडची असते. हवेतला ओलावा लागला की तिच्यातून फॉस्फिन नावाचा विषारी वायू निघतो. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे एक ग्रॅम वायू तयार होतो. गोदामात ताडपत्रीखाली, माणसांना दूर ठेवून, प्रशिक्षित व्यक्तीने वापरायची ही वस्तू आहे. घरातल्या कोठीचे झाकण या वायूला अडवत नाही. त्याला रंग नसतो. कधी लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो, पण तो येईलच याचा भरवसा नाही. झोपेत असलेल्या घरच्यांना काही कळण्याआधीच बाधा होऊ शकते आणि या विषावर उतारा नाही. म्हणूनच नियमाप्रमाणे ही गोळी सामान्य ग्राहकाला विकता येत नाही.

शेतातले औषध घरात नको

आपला भाग कपाशीचा. फवारणीतून उरलेली बाटली अनेक घरांत कोपऱ्यात पडून असते. मग तीच ढेकणांवर, झुरळांवर, कधी लेकरांच्या डोक्यातल्या उवांवरही वापरली जाते. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा मृत्यू झाला. ती बाधा उघड्या शेतात झाली होती. बंद खोलीत, गादीवर, तान्ह्या बाळाजवळ हेच औषध किती घातक ठरेल, याचा विचार करावा.

उंदरांसाठीच्या पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टचेही तसेच. लहान मुलांना ती दात घासायची पेस्ट वाटते. पोटात गेल्यावर आधी उलट्या होतात, मग एक-दोन दिवस बरे वाटते आणि त्यानंतर यकृत निकामी होऊ लागते. म्हणून ‘आता बरे आहे’ म्हणत घरी थांबू नये.

कीटकनाशकाच्या वेष्टनावर एक चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात लाल रंग असेल तर ते सर्वांत जहाल. त्याखालोखाल पिवळा, निळा आणि हिरवा. घरासाठी घेताना हा रंग आणि ‘घरगुती वापरासाठी’ हे शब्द पाहूनच घ्यावे.

मग करायचे काय?

सोंड्याची मादी दाण्याच्या आत अंडी घालते. त्यामुळे वरून स्वच्छ दिसणाऱ्या गव्हातही कीड असू शकते. मात्र धान्य पुरेसे कोरडे असेल तर ती वाढत नाही आणि कोरडे करायला आपल्याकडच्या उन्हासारखा उपाय नाही. पातळ थरात दोन-तीन दिवस कडक ऊन द्यावे. दाणा दाताखाली ‘कट्’ असा फुटला म्हणजे वाळला. धान्य गार झाल्यावरच भरावे. गरम भरले तर आत पाणी सुटते. जुने धान्य नव्यात मिसळू नये. कोठी भिंतीपासून दूर, पाटावर ठेवावी.

तुरीतले भुंगे शेतातूनच येतात आणि अख्ख्या दाण्यावर अंडी घालतात. म्हणून तुरीची लवकर डाळ करून घेणे चांगले. डाळीला किलोमागे लहान चमचाभर एरंडेल तेल चोळून ठेवावे.

ढेकणांवरही ऊन चालते. ५० अंशांच्या आसपास तापमानात ढेकूण आणि त्यांची अंडी मरतात. एप्रिल-मेमध्ये खाटा, गाद्या दिवसभर कडक उन्हात टाकाव्यात, फटींत उकळते पाणी ओतावे आणि काही दिवसांनी पुन्हा तेच करावे. झुरळांसाठी रात्री ओटा, मोरी कोरडी ठेवावी, खरकटे झाकावे, मोरीला जाळी लावावी. लहान उंदीर पेन्सिलएवढ्या फटीतूनही आत शिरतो. त्या फटी सिमेंटने बुजवून पिंजरा लावावा.

बाधेचा संशय आल्यास

एकाच घरात अनेकांना एकदम उलट्या, पोटात आग, चक्कर, धाप असा त्रास झाला तर लगेच ‘जेवण बाधले’ असे समजू नका. घरात गोळी किंवा फवारणी झाली होती का, हे आधी आठवा. सर्वांना मोकळ्या हवेत आणा, पुन्हा आत जाऊ नका, उलटी करवू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा किंवा अमरावतीचे इर्विन, अकोल्याचे सर्वोपचार यांपैकी जवळचे रुग्णालय गाठा. औषधाचे वेष्टन हाताशी असेल तर सोबत न्या आणि घरात काय वापरले ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

गोळी आधीच कोठीत टाकली असेल तर हाताने काढायला जाऊ नका. त्या घरात रात्र काढू नका आणि परवानाधारक कीडनियंत्रकाला बोलवा. सोंडे झालेला गहू चाळून, पुन्हा ऊन देऊन वापरता येतो. त्यासाठी कुणाचा जीव धोक्यात घालायची गरज नाही.