तबकडी एक, प्रकार अनेक

स्नेहसंमेलनाचे चित्रण असलेली जुनी डीव्हीडी कपाटात सापडते. घरातला प्लेअर केव्हाच भंगारात गेलेला असतो आणि नव्या लॅपटॉपला तबकडी घालायला जागाच नसते. मग यूएसबी तारेने जोडायचा सुटा डीव्हीडी रायटर आणायचे ठरते. पण दुकानात खोक्यावरची अक्षरे पाहून आपण गोंधळतो : −आर, +आर, आरडब्ल्यू, रॅम, डीएल, ८ एक्स! या अक्षरांचा अर्थ कळला, तर निवड अगदी सोपी आहे.

चित्रपटाची डीव्हीडी कारखान्यात साच्यातून काढतात. तिच्यावर सूक्ष्म खळगे असतात. ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल लेसर किरण त्यांच्यावरून फिरतो आणि परावर्तित प्रकाशातील कमीजास्तपणावरून माहिती वाचली जाते. आपण घरी लिहितो त्या तबकडीत असे खळगे नसतात. तेथे प्लॅस्टिकच्या दोन पातळ चकत्यांमध्ये रंगद्रव्याचा थर असतो. लिहिताना लेसर कितीतरी पट प्रखर होतो. त्याच्या उष्णतेने तेवढ्याच जागेचे रंगद्रव्य बदलते आणि ती जागा कमी प्रकाश परत पाठवते. वाचणाऱ्या किरणाला ती खळग्यासारखीच भासते.

पण कोऱ्या तबकडीवर लेसरला वाट कशी सापडते? गंमत अशी, की कोरी तबकडी पूर्णपणे कोरी नसतेच! शेतात सरी आणि वरंबे असतात, तशी तिच्यावर आतून बाहेर जाणारी सर्पिल सरी आधीच घातलेली असते. शेजारच्या दोन फेऱ्यांमधले अंतर अवघे ०.७४ मायक्रोमीटर. केसाच्या जाडीत असे सुमारे शंभर फेरे मावतील. सारी सरी उलगडली, तर तिची लांबी जवळजवळ १२ किलोमीटर भरेल!

ही सरी किंचित नागमोडी असते. त्या वळणांवरून यंत्र तबकडीचा वेग ठरवते. मात्र ‘आपण नेमके कोठे आहोत’ हे कळण्याच्या रीती दोन आहेत. −आर तबकडीत वरंब्यावर बारीक खुणा असतात, रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडांसारख्या. +आर तबकडीत हा पत्ता सरीच्या नागमोडीतच गुंफलेला असतो. पहिली रीत पायोनियर कंपनीने १९९७ मध्ये आणली. दुसरी सोनी, फिलिप्स आदी कंपन्यांच्या गटाने २००२ मध्ये आणली. सुरुवातीच्या काळात एका रीतीचे यंत्र दुसऱ्या रीतीच्या तबकडीवर लिहू शकत नसे. पुढे दोन्हींवर लिहिणारी यंत्रे आली. म्हणून खोक्यावर ± अशी खूण पाहूनच यंत्र घ्यावे.

आरडब्ल्यू तबकडीवर पुसून पुन्हा, सुमारे हजार वेळा, लिहिता येते. तिच्यात रंगद्रव्याऐवजी मिश्रधातूचा थर असतो. तो वितळवून झटकन थंड केला, की अस्फटिकी बनतो. बेताने तापवला, की पुन्हा स्फटिकी होतो. मात्र ही तबकडी प्रकाश बरीच कमी परत पाठवते. त्यामुळे काही जुने प्लेअर तिला ओळखतच नाहीत. रॅम तबकडीवर लाखभर वेळा लिहिता येते, पण ती वाचणारी यंत्रे थोडी. डीएल म्हणजे दोन थरांची तबकडी. एका थरात ४.७ अब्ज बाइट मावतात, तर दोन थरांत मिळून ८.५ अब्ज.

आणि ‘एक्स’? एक एक्स म्हणजे सेकंदाला सुमारे १३.८५ लाख बाइट. या वेगाने एक थर भरायला ५७ मिनिटे लागतील, चार एक्सने पंधराएक मिनिटे. घाई नसेल तेव्हा तबकडीला चालणारा मधला वेग निवडावा आणि लिहून झाल्यावर ‘व्हेरिफाय’ करून ताडून पाहावे. तबकडी दुसऱ्या यंत्रावर चालावी, म्हणून शेवटी ती ‘फायनलाइझ’ करायला विसरू नये.

मग जपून ठेवण्यासाठी कोणती तबकडी घ्यावी? एकदाच लिहिता येणारी आर. जुन्या प्लेअरवर लावायची असेल, तर −आर चालण्याची शक्यता अधिक. पण एक गोष्ट लक्षात ठेवा : कपड्याचा रंग उन्हाने विटतो, तसे रंगद्रव्यही प्रकाशाने, उष्णतेने आणि दमटपणाने हळूहळू बिघडते. कपाटातली जुनी तबकडी आज वाचता येते म्हणून उद्याही येईल, असे नाही. तेव्हा नवा रायटर आणल्यावर पहिले काम नव्या तबकड्या लिहिण्याचे नव्हे, तर जुन्या वाचून त्यांची प्रत हार्ड डिस्कवर घेण्याचे!

करून पाहा : एकाच पुडक्यातील दोन आर तबकड्यांवर तीच छायाचित्रे लिहा. एक अंधाऱ्या कपाटात ठेवा; दुसरी, चकाकती बाजू वर करून, उन्हाच्या खिडकीत. दर आठवड्याला दोन्ही वाचून पाहा. किती फाइली उघडल्या आणि किती वेळ लागला, ते वहीत नोंदवा. कोणती तबकडी आधी दगा देते? आणि दुसरी तबकडी कपाटात ठेवण्याचे कारण काय, याचाही विचार करा. मात्र लेसर पाहण्यासाठी यंत्र उघडू नका. त्याने डोळ्यांना कायमची इजा होऊ शकते.