झाकण मिटलं म्हणजे लॅपटॉप बंद झाला, असं नाही!



मे महिन्यातली गोष्ट. सकाळी चंद्रपूरला प्रशिक्षण आटोपलं आणि दुपारच्या एसटीने मूलमार्गे गडचिरोलीला निघालो. तिथे बचत गटाच्या ताईंना मोहाच्या लाडवांचं कॉस्टिंग शिकवायचं होतं. घाईत लॅपटॉपचं झाकण मिटलं, बॅगेत टाकला, चेन लावली आणि बॅग पायाशी ठेवली. उतरल्यावर एका ताईंनी मदत म्हणून बॅग हातात घेतली आणि लगेच म्हणाल्या, "सर, हे तर तव्यासारखं तापलं जी!"

चेन उघडली तर आतून गरम झोत तोंडावर आला. पंखा घरघरत होता, बॅटरी संपत आली होती. पुढचा तासभर लॅपटॉप उघडायची सोय नव्हती. कॉस्टिंग मी फळ्यावर खडूने शिकवलं, ते जमलं. पण त्याच संध्याकाळी एका ग्राहकाला कोटेशन पाठवायचं होतं आणि ती फाइल फक्त त्याच लॅपटॉपमध्ये होती. ते कोटेशन दुसऱ्या दिवशी गेलं. तोवर ऑर्डर दुसऱ्याला मिळाली होती.

चूक कुठे झाली?

सकाळी प्रोजेक्टर लावताना मी एक सेटिंग बदललं होतं: झाकण मिटलं तरी 'डू नथिंग', म्हणजे काहीच करू नको, काम चालू ठेव. प्रोजेक्टर काढला, पण सेटिंग परत फिरवायला विसरलो. तुमच्याकडे कारण वेगळं असू शकतं. शट डाऊन दाबलं, पण एक्सेलची फाइल 'सेव्ह करायची का?' विचारत अडून बसली आणि तुम्ही झाकण मिटून मोकळे झालात. किंवा लॅपटॉप स्लीपमध्ये होता आणि बॅगेतला वायरलेस माउस हलल्याने जागा झाला. बऱ्याच नव्या विंडोज लॅपटॉपमध्ये तर स्लीप म्हणजे डुलकीच असते. आत नेट, अपडेट वगैरे थोडं थोडं चालू राहू शकतं.

एक लक्षात ठेवा. स्लीप म्हणजे शटर ओढलं, पण आत दिवा चालू. हायबरनेट म्हणजे चालू काम डिस्कवर लिहून ठेवलं आणि मग दिवा घालवला. शट डाऊन म्हणजे हिशेब मिटवून, दिवा घालवून, कुलूप लावलं.

आपल्या भागात धोका जास्त का?

साधं गणित करूया. बऱ्याच लॅपटॉपचा प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास गेला की स्वतःचा वेग कमी करतो. बाहेर २५ अंश असतील तर मध्ये ७५ अंशांची मोकळीक असते. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ वर गेला की उरतात ५५. त्यात बॅगेचा फोम उष्णता धरून ठेवतो आणि पंखा तीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढतो. प्रोसेसर निदान स्वतःला सांभाळतो. बॅटरीला ते जमत नाही. लिथियम-आयन बॅटरी सतत उष्णतेत राहिली की तिचं आयुष्य घटतं, ती फुगूही शकते. ॲपल कंपनी आपले लॅपटॉप १० ते ३५ अंशांत वापरा म्हणते. आपल्याकडे तर सावलीतच त्यापेक्षा जास्त असतं! उन्हात उभ्या गाडीत लॅपटॉप ठेवण्याचा तर विचारही नको.

निघण्याआधी एक मिनिट

१. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स उघडा. झाकण मिटल्यावर काय व्हावं, ते तिथे ठरवता येतं. बॅटरीवर आणि चार्जरवर, दोन्हीसाठी 'हायबरनेट' निवडा. तो पर्याय दिसत नसेल तर प्रवासाआधी शट डाऊनची सवय लावा.

२. शट डाऊन दाबल्यावर झाकण लगेच मिटू नका. स्क्रीन काळी झाली, पंखा थांबला, दिवा विझला, हे बघा आणि मगच बॅगेत ठेवा.

३. माउस बंद करा, त्याचा रिसीव्हर काढून घ्या.

४. कोटेशन, उधारीची वही, जीएसटीची बिलं यांची एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा आणि तो पेन ड्राइव्ह वेगळ्या खिशात ठेवा. भामरागड-एटापल्लीकडे जात असाल तर नेटवर्कच्या भरवशावर राहू नका.

आणि तापलाच तर?

आधी बॅगेतून बाहेर काढा. पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे पूर्ण बंद होईल. सावलीत, कडक आणि सपाट जागी ठेवा. फ्रिजमध्ये ठेवू नका, ओलं फडकं गुंडाळू नका. आत पाणी धरलं तर दुखणं वाढेल. हाताला थंड लागेपर्यंत चार्जिंगला लावू नका.

मग नीट बघा. टचपॅड वर आलाय का? टेबलावर ठेवल्यावर लॅपटॉप डगमगतो का? गोडसर, रसायनासारखा वास येतो का? तसं असेल तर बॅटरी फुगलेली किंवा खराब झालेली असू शकते. चालू करू नका, टोचू नका, दाबू नका. जाणकार दुरुस्तीवाल्याकडे द्या. धूर दिसला तर वस्तूचा मोह सोडा, लोकांना लांब करा आणि १०१ ला फोन लावा.

माझ्या लॅपटॉपची बॅटरी पुढे बदलावी लागली. तो खर्च भरून निघाला, गेलेली ऑर्डर मात्र परत आली नाही. बांबूचं काम करणारा आपला विळा-कोयता कसा पुसून, जागेवर ठेवून मगच उठतो! लॅपटॉपही आपलं अवजारच आहे. तेवढीच काळजी त्याचीही घेऊया.

आज एवढंच करा: हे वाचून झालं की झाकणाचं सेटिंग तपासा. दोन मिनिटांचं काम आहे. भेटूया पुढच्या भागात!